तळलेलं आइस्क्रीम, तळलेली बिस्किटं: घरी करताना या चुका टाळा

आमच्या बेळगाव-खानापूर भागात लक्ष्मी यात्रा म्हटली की मिरची भजीची कढई आलीच. यंदा त्याच रांगेत एकजण क्रीमची बिस्किटं पिठात बुडवून तळून देत होता. तळलेलं आइस्क्रीमही होतं. तेव्हापासून गल्लीत घरोघरी प्रयोग चाललेत. परवा शेजारच्या वहिनींनी हाक मारली, ‘ताई, जरा येता का? आइस्क्रीम गेलं कुठं बघा की!’ कढईत तेलावर पांढरा फेस दाटला होता आणि झाऱ्यात नुसतं पोकळ कवच होतं.

मूळ चूक एकच आहे. आपण याला भजी समजतो. भजी आतून शिजायला लागते, म्हणून आच मध्यम ठेवतो. इथं आत शिजवायचं काहीच नसतं. कवच लाल व्हावं आणि गाभा वितळायच्या आत ते बाहेर यावं, एवढंच काम. म्हणून तेल कडक हवं, 180 ते 190 अंश. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब सोडा. तो तळाशी रेंगाळला तर तेल अजून तापायचंय. लगेच वर येऊन तडतडला तर चालेल. धूर निघाला तर मात्र गॅस बंद करून थांबा.

सगळ्यात जास्त फसतं ते आइस्क्रीम. डब्यातून गोळा काढला, पिठात बुडवला, सोडला, असं चालत नाही. गोळे ताटात मांडून चार-पाच तास फ्रीजरमध्ये दगडासारखे होऊ द्या. मग मैद्याच्या पातळ पेजेत बुडवून बेकरीतल्या टोस्टच्या चुऱ्यात घोळवा. परत गोठवा. परत एकदा तोच थर द्या आणि रात्रभर ठेवा. दुसरा थर कंटाळा करून सोडू नका. पहिल्यात कुठंतरी केसाएवढी भेग राहतेच, आणि आइस्क्रीम तिथूनच सुटतं. त्यातलं पाणी तेलात पडलं की क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या साधारण 1,700 पट जागा लागते. तेल उसळतं ते त्यामुळं. माझ्या मनगटावर गेल्या वर्षीचा डाग अजून आहे. तळताना एका वेळी एकच गोळा, दहा-पंधरा सेकंद. चार सोडलेत की तेल थंड पडतं, कवच तेल पितं आणि आत पाणी होतं. दुपारी करंट गेला असेल तर त्या दिवशी बेत रद्द करा.

बेसन वापरू नका. एवढ्या कमी वेळात ते कच्चंच राहतं, तोंडात पिठूळ लागतं. बिस्किटांना मैदा, थोडं कॉर्नफ्लोर, चिमूटभर बेकिंग पावडर आणि गार दूध. पीठ चमच्याला धरून राहील इतकं घट्ट ठेवा. मिरची भजीचं उरलेलं तेल तर नकोच, गोडाला तिखटाचा वास येतो.

चॉकलेटचा बारही आधी गोठवा. चॉकलेट आपल्या अंगाच्या उबेलाच पातळ होतं, तेलात काय टिकणार? तरी स्कॉटलंडातल्या स्टोनहेवन गावात 1990 च्या दशकात मार्स बार तळून विकायला लागले आणि ते जगभर गाजलं. त्यांची युक्ती हीच, गार बार आणि जाड पीठ.

एक गोष्ट मुलांना बसवून सांगा. अमेरिकेत डॅलसला टेक्सास राज्याची मोठी जत्रा भरते. तिथं 2006 साली ‘तळलेला कोक’ आला, 2009 साली ‘तळलेलं लोणी’. नाव ऐकून पोरं कढईत कोक ओतायला बघतात. त्या कोकमध्ये पातळ पेय तेलात जात नाही. कोकची चव पिठात मिसळून त्या पिठाचे गोळे तळतात, कोकचा पाक वरून घालतात. तापलेल्या तेलात पेय ओतलं तर कढई पेटू शकते. पेटलीच तर पाणी अजिबात टाकू नका. गॅस बंद करा आणि घट्ट झाकण ठेवा. कढई जागची हलवूही नका.

पहिल्यांदाच करणार असाल तर आइस्क्रीमपेक्षा आपला कुंदा, म्हणजे दूध आटवून केलेली बेळगावची मिठाई, घ्या. त्यात पाणी फारसं नसतं, त्यामुळं उडण्याची भीती कमी. लिंबाएवढे गोळे घट्ट वळून दोन तास फ्रीजरमध्ये ठेवा, वर मैद्याचं तेच पीठ. सैल वळलात तर तेलात रवाळ चुरा होतो. बाहेर काढल्यावर मिनिटभर थांबा, मग फोडा. आतला कुंदा कोमट, मऊ झालेला असतो.