आधी बाथरूम कोरडे करा, मग सजवा

मुंबईतल्या सर्वसाधारण फ्लॅटचे बाथरूम चार बाय सहा फुटांचे असते. सकाळी साडेपाचपासून घरातली चार-पाच माणसे एकामागून एक तिथे जातात आणि दहा वाजेपर्यंत त्याची फरशी कोरडी होत नाही. अशा बाथरूमची अवकळा प्रामुख्याने साचलेल्या आणि मुरलेल्या पाण्यामुळे येते, टाइल्स जुन्या झाल्यामुळे क्वचितच. म्हणून तोडफोड करून सगळे नवे करण्याचा खर्च अंगावर घेण्यापूर्वी दोन-तीन शनिवार-रविवार आणि साधारण दोन हजार रुपये हे पाणी रोखण्याच्या कामाला द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा क्रम मला अनुभवाने पटला. आमच्याकडे मी आधी नवा आरसा लावला आणि टाइल्सवर डिझाइनचे स्टिकर चिकटवले. पहिल्याच पावसाळ्यात स्टिकरच्या कडा सुटल्या आणि त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. म्हणाल्या, “अरे, जरा खाली येऊन बघतोस का? आमच्या बाथरूमच्या छताला पुन्हा ओल आली आहे.” खाली जाऊन पाहिले तर छतावर ताटाएवढे पिवळे वर्तुळ उमटले होते आणि त्याचा मध्य बरोबर आमच्या फरशीतल्या, पाणी जाण्याच्या जाळीखाली होता. जाळीभोवतीचा सिमेंटचा भराव निघून गेला होता आणि रोजचे पाणी त्या फटीतून स्लॅबमध्ये मुरत होते. दुरुस्तीला मूठभर सिमेंट लागले, पण ते दोन वर्षे आधी लागले असते तर काकूंचे छत वाचले असते.

गळती शोधणे

खाली ओल असेल तर ती पुरवठ्याच्या पाइपची आहे की फरशीची, हे ठरवण्याची एक साधी पद्धत आहे. गावी जाताना किंवा दोन दिवस बाहेर असताना बाथरूम वापरात नसते. त्या काळातही खालची ओल तशीच वाढत राहिली तर भिंतीतला दाबाखालचा पाइप गळत असण्याची शक्यता अधिक असते. ओल कमी झाली तर दोष फरशीत, सांध्यांत किंवा निचऱ्याच्या वाटेत असतो. पाइपचा दोष प्लंबरकडे सोपवावा. सांध्यांचा दोष बहुतेक वेळा आपल्याला स्वतःला दुरुस्त करता येतो. सोसायटीच्या उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाइपलाइनमुळे होणारी गळती दुरुस्त करणे ही सोसायटीची जबाबदारी असते आणि फ्लॅटच्या आतली दुरुस्ती सभासदाने स्वखर्चाने करायची असते, हे शेजाऱ्यांशी बोलण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावे.

ठिबकणाऱ्या नळाखाली रात्री एक लिटरचा मग ठेवून पाहा. तो तासाभरात भरत असेल तर त्या एका नळातून दिवसाला चोवीस लिटर, म्हणजे मोठी बादलीभर पाणी वाया जाते. भातसा, वैतरणा, तानसा अशा दूरच्या तलावांतून शंभर-सव्वाशे किलोमीटरचा प्रवास करून आलेले हे पाणी पाच रुपयांच्या वायसरअभावी मोरीत जावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नळाला हात लावण्यापूर्वी पाणी कुठे बंद होते ते शोधावे. नव्या इमारतींत बाथरूमच्या आत किंवा डक्टमध्ये (इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीत) स्वतंत्र व्हॉल्व्ह असतो. जुन्या इमारतींत अनेकदा गच्चीवरच्या टाकीजवळची संपूर्ण लाइन बंद करावी लागते आणि त्या लाइनवरच्या सगळ्या घरांचे पाणी जाते. तेव्हा वॉचमनला आणि वर-खाली राहणाऱ्यांना आदल्या दिवशी कळवावे. पाणी बंद केल्यावर नळ उघडून पाइप रिकामा करावा. अनेक फेरे फिरवावा लागणारा जुना नळ असेल तर त्याचा वरचा भाग पान्याने उघडून रबरी वायसर बदलावे. अर्ध्या किंवा पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नव्या नळात वायसर नसते, त्याचा आतला स्पिंडल, म्हणजे पाणी उघडणारा-बंद करणारा फिरता भाग, पूर्ण बदलावा लागतो. जुना स्पिंडल दुकानात सोबत नेल्यास फसगत होत नाही. पान्याच्या दातांनी क्रोमवर ओरखडे पडतात, म्हणून मध्ये जाड फडके घ्यावे.

पूर्ण नळ बदलायचा असेल तर आट्यांवरची जुनी घाण ब्रशने काढून आट्यांचे तोंड आपल्याकडे धरावे आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने टेफ्लॉन टेपचे दहा-बारा वेढे ताणून द्यावेत. उलट्या दिशेने दिलेला टेप नळ बसवताना सुटून गोळा होतो. नळ आधी हाताने घट्ट करावा आणि मग पान्याने थोडाच फिरवावा. मात्र भिंतीत जुने जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप असतील तर गंजलेला एल्बो (पाइपचा काटकोनी जोड) आतल्या आत तुटू शकतो. अशा घरात नळ हलत नसेल तर जोर न करता तिथेच थांबावे आणि प्लंबरला बोलवावे.

फ्लशच्या टाकीची गळती डोळ्यांना दिसत नाही. टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकून वीस मिनिटे फ्लश करू नये. कमोडच्या भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचे रबर खराब झाले आहे. ते बदलणे दहा मिनिटांचे काम आहे.

न्हाणी ट्रॅप

फरशीतल्या जाळीखालच्या भांड्याला देशभरातले प्लंबर ‘नहानी ट्रॅप’ म्हणतात. न्हाणी हा घरातला शब्द असा तांत्रिक परिभाषेत जाऊन बसला आहे. या भांड्यात साधारण दोन इंच पाणी कायम उभे राहते आणि ते गटारातला वास व झुरळे अडवते. पाहुण्यांसाठी ठेवलेले बाथरूम महिनाभर वापरले नाही की हे पाणी सुकते आणि दुर्गंधी येऊ लागते. त्यावर सुगंधी वड्या टांगण्याऐवजी एक तांब्या पाणी ओतावे. रोजच्या बाथरूममध्ये दर पंधरवड्याला जाळी उचलून केसांचा गुंता आकड्याने बाहेर काढावा. बेसिनखालच्या बॉटल ट्रॅपचा, म्हणजे तसेच पाणी अडवणाऱ्या बाटलीसारख्या भांड्याचा, तळ हातानेच उघडतो. खाली बादली ठेवून तो धुऊन परत बसवावा. पाइप तुंबला म्हणून आधी एक रसायन आणि मग दुसरे असे कधीही ओतू नये. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले तर क्लोरीन वायू तयार होतो, आणि आपल्या बंदिस्त बाथरूममध्ये तो थेट छातीत जातो.

ग्राउट आणि सिलिकॉन

आता मुख्य कामाकडे येऊ. दोन टाइल्समधल्या रेघा (त्यांत भरलेला माल म्हणजे ग्राउट) काळ्या पडल्या की बहुतेक घरांत ॲसिडची बाटली आणली जाते. ॲसिडने रेघ पहिल्यांदा पांढरी दिसते, कारण तिचा वरचा थर विरघळून गेलेला असतो. दर वेळी रेघ थोडी खोल होते, तिच्यात अधिक पाणी राहते आणि बुरशी पुन्हा अधिक जोमाने येते. बुरशी काढायची असेल तर खिडकी उघडी ठेवून सौम्य ब्लीच रेघांवर दहा मिनिटे राहू द्यावे, जुन्या टूथब्रशने घासावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. तरीही रेघ भुसभुशीत लागत असेल तर ती नव्याने भरणे हाच उपाय आहे.

यासाठी ग्राउट खरवडण्याची पट्टी किंवा एका टोकाला कापड गुंडाळलेले जुने हॅक्सॉ ब्लेड घ्यावे. मी लाकडी पाटावर बसून, भिंतीला जवळजवळ नाक लावून हे काम केले. ब्लेड रेघेत सरळ धरून पुढे-मागे ओढले की आधी काळी ओलसर पूड येते आणि मग एकदम कोरडी, पांढरट पूड पडू लागते, तिथे थांबायचे. साधारण दोन ते तीन मिलिमीटर खोली पुरते. ब्लेड तिरके झाले तर टाइलची कड उडते, म्हणून घाई करू नये. पूड ब्रशने झाडून, रेघा पुसून रात्रभर सुकू द्याव्यात.

भिंतीच्या वरच्या भागाला व्हाइट सिमेंट किंवा सिमेंटचे तयार ग्राउट पुरते. ते पिठल्यासारखे सैल न कालवता श्रीखंडासारखे घट्ट कालवावे आणि एका वेळी वाटीभरच करावे. रबरी पट्टीने किंवा निकामी प्लास्टिक कार्डाने ते रेघेत तिरके दाबत भरावे, कारण रेघेच्या दिशेने पट्टी ओढली तर भरलेला माल बाहेर येतो. पंधरा-वीस मिनिटांनी पिळून घेतलेल्या स्पंजने टाइल पुसावी. दुसऱ्या दिवसापासून दोन-तीन दिवस रेघांवर हलके पाणी शिंपडावे, म्हणजे त्या तडकत नाहीत.

फरशी आणि भिंतीचा खालचा दोन फुटांचा पट्टा यांसाठी मात्र मी इपॉक्सी ग्राउट सुचवीन. ते व्हाइट सिमेंटच्या कितीतरी पट महाग असले तरी पाणी शोषत नाही, त्यामुळे काळेही पडत नाही. रेझिन आणि हार्डनर डब्यावर दिलेल्या प्रमाणातच मिसळावेत, हातमोजे घालावेत आणि मिश्रण थोडे-थोडेच करावे, कारण ते लवकर घट्ट होते आणि टाइलवर सुकलेला डाग सहज निघत नाही.

जिथे फरशी भिंतीला मिळते तो कोपरा, कमोडचा पाया आणि बेसिनची मागची कड या जागा सिमेंटने भरू नयेत. तिथे दोन पृष्ठभाग किंचित हलतात आणि सिमेंटला बारीक चीर पडते. तिथे बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन हवे. 280 मिलीलीटरची एक ट्यूब लहान बाथरूमला पुरते. जुने सिलिकॉन ब्लेडने पूर्ण काढावे, कारण सिलिकॉनवर सिलिकॉन नीट चिकटत नाही. जागा कोरडी करून दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावावा, ट्यूबचे तोंड तिरके कापावे आणि एकाच संथ ओढीत धार सोडावी. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने ती दाबत न्यावी आणि सिलिकॉन ओले असतानाच टेप उचलावा. त्यानंतर चोवीस तास तिथे पाणी लागू देऊ नये. एकच बाथरूम असलेल्या घरात ही खरी अडचण असते. शनिवारी सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर काम सुरू करावे आणि रविवारची आंघोळ शेजाऱ्यांकडे ठरवून ठेवावी, किंवा बाथरूमचे दोन भाग करून दोन आठवड्यांत काम संपवावे. जून ते सप्टेंबर मात्र हे काम काढू नये. मुंबईच्या त्या हवेत रेघा सुकतच नाहीत.

हवा आणि छत

आमच्याकडे झालेला सगळ्यात स्वस्त बदल म्हणजे दाराच्या मागे टांगलेला पाणी ओढायचा रबरी वायपर. शेवटी आंघोळ करणाऱ्याने फरशी आणि भिंतीचा खालचा भाग ओढून घ्यायचा, असा नियम केला आणि महिनाभरात कुबट वास गेला. काचेच्या पट्ट्यांची खिडकी डक्टमध्ये उघडत असेल तर कबुतरांसाठी लावलेली जाळी धुळीने बुजली आहे का ते पाहावे. एक्झॉस्ट पंखा असल्यास आंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावा आणि दाराची खालची फट बुजवू नये, कारण आत हवा आली नाही तर पंखा बाहेर काय टाकणार?

छताचे पोपडे निघत असतील तर वरच्या घरातून ओल येत नाही ना, याची आधी खात्री करावी. ओल चालू असताना दिलेला रंग टिकत नाही. छत कोरडे असल्यास पोपडे खरवडून व्हाइट सिमेंटची पुट्टी, प्राइमर आणि बुरशीरोधक रंग द्यावा. पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) ओलाव्याने फुगते, म्हणून इथे ते वापरू नये.

शेवटी खुंट्या, कप्पे आणि आधार

चिकटणारे हुक गुळगुळीत टाइलवरच टिकतात. जागा स्पिरिटने पुसून हुक चिकटवावा आणि चोवीस तास त्यावर काही टांगू नये. कप्प्यासाठी छिद्र पाडायचे असेल तर नळ, शॉवर किंवा गिझरच्या सरळ वर-खालच्या रेषेत पाडू नये, कारण पाइप बहुधा तिथूनच गेलेला असतो. टाइलवर मास्किंग टेपची फुली चिकटवावी, टाइल-काचेचे बिट लावावे आणि टाइल पार होईपर्यंत ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देण्याची सोय, बंद ठेवावा. गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारी नळी) ठोकण्यापूर्वी छिद्रात थोडे सिलिकॉन भरले की पाणी आत शिरत नाही. फरशीला मात्र कधीही छिद्र पाडू नये. खालचे वॉटरप्रूफिंग एकदा फुटले की ते घरच्या घरी जोडता येत नाही.

बल्ब बदलण्यापलीकडे विजेचे काम स्वतः करू नये. गिझरला अर्थिंग आहे का आणि त्या सर्किटवर 30 मिलिअँपिअरचे अर्थ लीकेज संरक्षण (वीज गळताच पुरवठा तोडणारी सोय) आहे का, हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्यावे.

घरात आजी-आजोबा असतील तर कमोडच्या बाजूला आणि शॉवरजवळ स्टीलचा दांडा लावावा. हवेच्या दाबाने चिकटणारे दांडे दिसायला सोयीचे असले तरी ऐन वेळी सुटू शकतात, म्हणून स्क्रूनेच बसणारा दांडा घ्यावा. त्याची उंची टेपने मोजून ठरवू नये. ज्यांच्यासाठी तो लावायचा त्यांना कमोडवर बसवून, उठताना त्यांचा हात आपोआप जिथे जातो तिथे पेन्सिलने खूण करावी आणि दांडा लावल्यावर त्यांनी धरण्यापूर्वी आपण स्वतः त्यावर पूर्ण भार टाकून पाहावा.