सापाला माइट झाले? आधी पेटी रिकामी करा

साप दिवसदिवस पाण्याच्या भांड्यात पडून राहू लागला की भांड्याचा तळ बघा. खसखशीहून बारीक काळे कण दिसले तर ते बहुधा बुडालेले माइट, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक परजीवी. खात्रीसाठी पांढऱ्या ओल्या टिश्यूने साप मानेकडून शेपटीकडे हलका पुसा. ठिपके चालू लागतात, चिरडले तर लालसर डाग उमटतो. डोळ्यांभोवतीची खाच आणि हनुवटीखालची घडी भिंगाखाली बघाच, तिथे ते दाटीने बसतात. खवल्यांवरची राखेसारखी पांढरी भुकटी ही त्यांची विष्ठा.

मादी रक्त पिऊन सापावरून उतरते आणि पेटीच्या भेगांत अंडी घालते, आयुष्यभरात 60 ते 80. उबेत दोन-तीन आठवड्यांत पुढची पिढी तयार! म्हणून नुसती सापाला आंघोळ घालून काही होत नाही.

साप भोकं पाडलेल्या झाकणाच्या डब्यात, साध्या कागदावर ठेवा. पेटीतला जुना भुसा पिशवीत घट्ट बांधून घराबाहेर टाका, लाकूड आणि सालीही टाकून द्या. भांडी उकळत्या पाण्यात बुडवा. पेटीचे कोपरे, झाकणाची कड, सरकत्या काचेची खोबण जुन्या टूथब्रशने गरम पाण्याने घासा. 50 अंशांच्या वर माइट काही सेकंदांत मरतात.

सापाला 28 ते 30 अंशांच्या पाण्यात 20-30 मिनिटं ठेवा. पाणी अंगाच्या निम्म्या उंचीपर्यंतच हवं आणि तिथून हलू नका. डोकं कोरडं राहतं, माइट तिकडेच चढतात. ते ओल्या कापसाने टिपून घ्या.

0.25 टक्के फिप्रोनिल हे कीटकनाशक वापरतात, पण सरीसृपांच्या डॉक्टरांना विचारूनच. ते कापडावर घेऊन पुसायचं, थेट फवारायचं नाही, डोळे-तोंड टाळायचं. पेटीत फवारलेलं औषध पूर्ण वाळून वास गेल्याशिवाय साप आत सोडू नका. आयव्हरमेक्टिन हे परजीवी मारणारं औषध घरात कासव असेल तर त्याच्या जवळपासही नको, कासवं त्याने मरतात. कुत्र्याचे शाम्पू-पट्टे सापाला कधीही वापरू नका.

गोचीड असेल तर चिमट्याने कातडीला लागून तोंडाजवळ धरा, न पिळता सरळ ओढा.

साफसफाई दर आठवड्याला करा, आणि शेवटचा माइट दिसल्यावरही महिनाभर थांबवू नका. बहुतेकांचं इथेच चुकतं. तोंडाचं अस्तर फिकट पडलं किंवा साप निपचित राहिला तर रक्त कमी झालेलं असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

नवा साप 60 ते 90 दिवस वेगळ्या खोलीत ठेवा आणि त्याला सगळ्यात शेवटी हाताळा; माइट हातावरून, बाहीवरूनही दुसऱ्या पेटीत पोचतात.