डायल-अप मॉडेम लावताना आधी लाइन बघा, मग मॉडेम, इंटरनेट सगळ्यात शेवटी

जुना कॉम्प्युटर परत जिवंत करायचाय, फॅक्स पाठवायचाय, नाहीतर जिथे फोनच्या तारेशिवाय काहीच पोचत नाही अशा जागी मेल बघायचेत, कारण काहीही असो, डायल-अप, म्हणजे मॉडेमने फोन लाइनवरून नंबर फिरवून जोडायचं कनेक्शन, आजही चालतं. पण बहुतेक जण काय करतात, सगळं एकदम जोडतात, युजरनेम पासवर्ड टाकतात, डायल दाबतात आणि एरर आला की डोकं धरून बसतात. लाइन, मॉडेम, ड्रायव्हर, पलीकडचा सर्व्हर, संशयित चार आणि पुरावा एकच, त्यामुळे एकेकाला बाजूला घेऊन तपासायचं.

सुरुवात लाइनपासून. ज्या सॉकेटला मॉडेम लावणार तिथे आधी साधा फोन लावा. डायल टोन आला एवढ्यावर खूश होऊ नका, कुठलाही एक आकडा दाबा म्हणजे टोन थांबतो, आणि त्यानंतरच्या शांततेत कान देऊन ऐका. खरखर, गुणगुण, मधेच कट्ट असा आवाज येत असेल तर बोलताना आपल्याला तो जाणवत नाही पण मॉडेमला तेवढा पुरतो. मग बाकीच्या खोल्यांमधले पॅरलल फोन, जुने स्प्लिटर, गुंडाळी करून ठेवलेली लांबलचक वायर हे सगळं काढून परत ऐका. त्याच लाइनवर डीएसएल (फोनच्या तारेवरून येणारं ब्रॉडबँड) असेल तर मॉडेमच्या आधी फिल्टर लावावाच लागतो. आणि ऑफिसातल्या डिजिटल ईपीएबीएक्सच्या (ऑफिसच्या अंतर्गत फोन एक्स्चेंजच्या) सॉकेटला मॉडेम अजिबात लावू नका, दिसायला सॉकेट सेम असतो पण मॉडेम जळू शकतो.

फायबरवाल्या राउटरच्या मागे जो फोनचा सॉकेट असतो त्याचं वेगळंच प्रकरण आहे. तिथे आवाज आधीच डिजिटल पाकिटांमधून जातो. कोडेक, म्हणजे आवाज डिजिटल करायची पद्धत, जी.७११ असेल तर मॉडेम कमी स्पीडला लागू शकतो, जी.७२९ सारखा आवाज दाबून पाठवणारा कोडेक असेल तर सोडून द्या, तो माणसाच्या बोलण्यासाठी बनवलाय, मॉडेमच्या किंचाळण्यासाठी नाही.

आता मॉडेम. मागे दोन सॉकेट असतात, लाइन आणि फोन. भिंतीतून येणारी वायर लाइनमध्ये, फोनमध्ये हवा तर टेलिफोन. उलटं लावून तासभर बसलेले लोक कमी नाहीत. एक्स्टर्नल सिरियल मॉडेम मिळाला तर डोळे झाकून घ्या, त्यावर दिवे असतात आणि काय चाललंय ते दिसतं, ओएच लागला म्हणजे रिसीव्हर उचलला, सीडी लागला म्हणजे पलीकडचा सापडला. केबल सरळ सिरियलच पाहिजे, दोन कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची नल मॉडेम केबल चालणार नाही. कॉम्प्युटरला सिरियल पोर्ट नसेल तर यूएसबी कन्व्हर्टर चालतो. पीसीआय स्लॉटमधले स्वस्त इंटर्नल मॉडेम बहुतेक विनमॉडेम असतात, म्हणजे निम्मं काम प्रोसेसर आणि ड्रायव्हर करतात, आणि नवीन विंडोजसाठी तो ड्रायव्हर शोधत बसण्यापेक्षा दुसरा मॉडेम शोधणं सोपं.

जोडून झालं की लगेच इंटरनेटच्या मागे लागू नका, आधी मॉडेमशी दोन शब्द बोला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो कुठल्या कॉम पोर्टवर बसलाय ते बघा आणि तो पोर्ट टर्मिनल प्रोग्रॅममध्ये उघडा, एक्सपीपर्यंत हायपरटर्मिनल विंडोजबरोबरच यायचा, आता पुटी घ्या. स्पीड ११५२००, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल हार्डवेअर. आता एटी ही दोन इंग्लिश अक्षरं टाइप करून एंटर मारा. उत्तरात ओके आलं की समजा केबल, पोर्ट, मॉडेम तिघंही शुद्धीवर आहेत. ओके येतंय पण टाइप केलेलं दिसत नाही? एटीई१ द्या. काहीच येत नाही? पोर्ट चुकलाय नाहीतर केबल, इंटरनेटवाल्याला फोन करून काही उपयोग नाही. ही कमांडची पद्धत १९८१ च्या हेज स्मार्टमॉडेमपासून चालत आलीय आणि जवळपास सगळे मॉडेम ती समजतात.

ओके मिळालं की एटी&एफ देऊन फॅक्टरी सेटिंग आणा आणि मग एटीडीटी लिहून पुढे स्वतःचा मोबाइल नंबर टाका (सगळं इंग्लिश अक्षरांत आणि सलग). मॉडेम रिसीव्हर उचलेल, टूंटूं करत नंबर फिरवेल आणि तुमचा मोबाइल वाजेल. वाजला की डायल करण्यापुरते लाइन आणि मॉडेम दोन्ही पास, यापुढे काही अडलं तर आधी अकाउंट आणि सेटिंग बघा. नंबर न फिरवता नो डायलटोन असं आलं पण कानाला टोन ऐकू येतोय, तर एटीएक्स३ द्या, म्हणजे तो टोनची वाट न बघता डायल करतो, काही एक्स्चेंजचे टोन मॉडेमला ओळखूच येत नाहीत. बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ किंवा ० दाबावा लागत असेल तर त्यानंतर एक स्वल्पविराम टाका, तेवढ्यात तो साधारण २ सेकंद थांबतो. आवाज नको असेल तर एटीएम०, पण पहिले काही दिवस आवाज चालूच ठेवा, अर्धं निदान कानानेच होतं.

आता इंटरनेट. डायल-अप देणारी कंपनी, तिचा नंबर, युजरनेम, पासवर्ड एवढंच लागतं. नंबर अजून चालू आहे का ते आधी साध्या फोनवरून लावून ऐका, समोरून किंचाळी आली म्हणजे चालू. हे मुद्दाम सांगतोय कारण एओएलसारख्या मोठ्या नावानेसुद्धा ३० सप्टेंबर २०२५ ला डायल-अप बंद केलं. आणि तो नंबर लोकल कॉलमध्ये येतो की एसटीडीत तेही बघा, नाहीतर बिल बघून चक्कर येईल. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, डायल-अप, तिथून नवीन कनेक्शन. विंडोज ९८ मध्ये माय कॉम्प्युटरमधलं डायल-अप नेटवर्किंग, सर्व्हर टाइप पीपीपी आणि प्रोटोकॉल फक्त टीसीपी/आयपी ठेवा, बाकीचे टिक काढले की लॉगिनला कमी वेळ लागतो. लिनक्सवाल्यांनी डब्ल्यूव्हीडायल वापरावा, मॉडेम तो स्वतः शोधतो, फाइलमध्ये नंबर आणि पासवर्ड भरला की झालं. कॉल वेटिंग असेल तर फोन कंपनीचा ते बंद करायचा कोड नंबरच्या आधी स्वल्पविरामासकट टाका, नाहीतर डाउनलोड ९५ टक्क्यांवर असताना कोणाचातरी फोन येणार आणि कनेक्शन तुटणार.

डायल केल्यावर आधी रिंग, मग समोरून २१०० हर्ट्झचा लांब शिट्टीसारखा टोन, तो लाइनवरचे एको कॅन्सलर (प्रतिध्वनी दाबणारी यंत्रं) बंद करायला असतो, मग दोन्ही मॉडेमची खरखर आणि फुसफुस, आणि मग एकदम गप्प. गप्प झाला म्हणजे जमलं. फुसफुस परत परत पहिल्यापासून सुरू होत असेल तर लाइन खराब, परत सुरुवातीच्या लाइन तपासायच्या पॅराग्राफला जा.

स्पीडबद्दल गैरसमज खूप आहेत. स्क्रीनवर ११५२०० दिसलं म्हणून नाचू नका, तो कॉम्प्युटर आणि मॉडेम यांच्यातला स्पीड आहे. खरा आकडा कनेक्टच्या मेसेजमध्ये किंवा मॉडेमच्या लॉगमध्ये मिळतो. ५६ के (सेकंदाला ५६ किलोबिट) म्हणजे १९९८ चं व्ही.९० स्टँडर्ड, आणि ते ५६ फक्त खाली येताना, तेही पलीकडची बाजू पूर्ण डिजिटल असेल तर, वर जाताना ३३.६ च. हातात सेकंदाला ४ ते ५ केबी पडले तर चांगली लाइन समजा, म्हणजे १ एमबीला साधारण साडेतीन-चार मिनिटं. कनेक्शन सारखं तुटत असेल तर मॉडेमच्या सेटिंगमधून कमाल स्पीड स्वतःहून २८.८ वर आणा, न तुटणारं २८.८ हे दर दहा मिनिटांनी मरणाऱ्या ४६ पेक्षा कधीही बरं.

नवीन विंडोज असेल तर कनेक्ट व्हायच्या आधी ऑटोमॅटिक अपडेट थांबवा आणि कनेक्शन मीटर्ड (डेटा जपून वापरायचं) करा, नाहीतर सगळी लाइन अपडेटच खाऊन टाकेल आणि तुम्ही मेलची वाट बघत बसाल. ब्राउझरमध्ये इमेज बंद. जुन्या कॉम्प्युटरवर जुना ब्राउझर असेल तर बऱ्याच साइट उघडणारच नाहीत, त्यात मॉडेमचा दोष नाही, ब्राउझरला आजचं एन्क्रिप्शन येत नाही.

एरर नंबर येतील तेव्हा घाबरू नका, बहुतेक वेळा तेच तेच असतात. ६८० म्हणजे डायल टोन नाही, वायर बघा. ६७६ म्हणजे लाइन बिझी, थांबून लावा. ६७८ म्हणजे समोरून उत्तरच नाही, नंबर तपासा. ६९१ म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड चुकलाय, कॅप्स लॉकसुद्धा बघा. ६३३ म्हणजे मॉडेम दुसरंच कोणीतरी पकडून ठेवलाय, आणि ते दुसरं कोणी म्हणजे बऱ्याचदा मघाशी उघडलेलं आणि बंद करायचं राहिलेलं टर्मिनल असतं.

काम झालं की नुसता ब्राउझर बंद करून उठू नका, डिस्कनेक्ट करा आणि ओएचचा दिवा विझला का ते बघा. नसेल विझला तर मॉडेम बंद करून चालू करा, तोपर्यंत फोन एंगेज आणि मीटर चालू. आणि आभाळात गडगडायला लागलं की पॉवरबरोबर फोनची वायरपण काढा, मॉडेम जास्त करून त्याच बाजूने उडतात.