रात्रीचा सामना पाहून घरी कसे पोहोचावे

फुटबॉलचा रात्रीचा सामना पाहायला दुसऱ्या गावी निघालेला प्रेक्षक काळजी करतो ती जाण्याची. खरे तर जाताना दिवसाच्या गाड्या हाताशी असतात आणि एक चुकली तरी पुढची मिळते. अडचण परतीची असते, कारण सामना संपणे आणि गाड्या बंद होणे या दोन्ही गोष्टी साधारण एकाच सुमारास घडतात. त्यातही स्टेडियम महानगरात नसून एखाद्या लहान शहरात असेल, तर त्या शहरातून मुख्य मार्गावरची शेवटची गाडी उशिरापर्यंत असते, पण वाटेत उतरून जी बस धरायची ती त्याच्या कितीतरी आधी बंद झालेली असते. म्हणून आखणीला सुरुवात घराच्या दारापासून करावी आणि एकेक टप्पा मागे मोजत स्टेडियमपर्यंत यावे.

प्रथम सामना नेमका किती वाजता संपेल याचा हिशेब मांडावा. रात्री 8 वाजता सुरू झालेल्या सामन्यात 45 मिनिटांचे दोन अर्ध आणि 15 मिनिटांचे मध्यंतर धरले की 9:45 होतात. त्यात वाया गेलेल्या वेळेची भरपाई मिळवली की साधारण 9:55. ही भरपाई हल्ली पूर्वीपेक्षा सढळ हाताने दिली जाते. 2022 च्या विश्वचषकात इंग्लंड आणि इराण यांच्या सामन्यात दोन्ही अर्ध मिळून 20 मिनिटांहून अधिक खेळ वाढला होता. साखळी सामन्याचा हिशेब एवढ्यावर संपतो, परंतु बाद फेरीत बरोबरी झाली तर 15 मिनिटांचे आणखी दोन भाग आणि त्यानंतर पेनल्टी शूटआउट, असे करत पावणेअकरा सहज वाजतात. युरोपीय फुटबॉलची संघटना असलेल्या युएफाने 2021 मध्ये, दोन सामन्यांच्या लढतीत एकूण गोल सारखे झाल्यास प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर केलेल्या गोलांना अधिक महत्त्व देणारा नियम काढून टाकला आणि इंग्लंडच्या एफए कपात 2024-25 च्या हंगामापासून मुख्य स्पर्धेच्या पहिल्या फेरीपासूनचे फेरसामने रद्द झाले. खेळाडूंचा थकवा किती वाचला हा वेगळा प्रश्न आहे, पण निकाल त्याच रात्री लागणार असल्याने प्रेक्षकाला अतिरिक्त वेळ गृहीत धरूनच निघावे लागते. तेव्हा तिकीट काढण्याआधी स्पर्धेचा नियम वाचावा.

शेवटच्या शिटीपासून फलाटापर्यंतचा वेळ बहुतेक जण कमी धरतात. जागेवरून उठून फाटकाबाहेर पडायला 10 ते 15 मिनिटे, स्थानकापर्यंतची चाल गर्दीच्या वेगाने, आणि स्थानकाबाहेर पोलिसांनी लावलेली रांग. फलाटावर चेंगराचेंगरी होऊ नये म्हणून माणसे तुकड्या-तुकड्यांनी सोडली जातात आणि ते योग्यच आहे; पण त्यामुळे गाडी डोळ्यांसमोर सुटताना पाहण्याची वेळ येते. पाहुण्या संघाच्या समर्थकांना तर काही ठिकाणी यजमान प्रेक्षक पांगेपर्यंत आतच थांबवून ठेवतात. एकंदर, शिटीनंतर तासभर हातात नसेल तर ती गाडी आपली मानू नये. माझा स्वतःचा नियम असा की शेवटच्या गाडीवर बेत बांधायचा नाही. बेत तिच्या आधीच्या गाडीवर बांधायचा आणि शेवटची राखीव ठेवायची.

वेळापत्रक पाहतानाही एक चूक हमखास होते. मध्यरात्रीनंतरची गाडी तारखेने दुसऱ्या दिवसाची असते, परंतु अनेक वाहतूक संस्था तिला आदल्या दिवसाच्याच सेवेत धरतात. त्यांच्या अंतर्गत नोंदीत रात्री 12:35 ची गाडी 24:35 अशीही लिहिलेली असते. बुधवारच्या सामन्यासाठी रात्री 12:20 ची गाडी शोधताना तारीख बुधवारचीच राहिली, तर अ‍ॅप मंगळवारच्या रात्रीची गाडी दाखवते. मी एकदा अशीच गाडी पाहून निश्चिंत झालो होतो. फलाटावरच्या पाटीवर तिचे नाव नव्हते, कारण ती फक्त आदल्या रात्रीपुरती सोडलेली जादा गाडी होती. यावर सोपा उपाय असा की शोधताना निघण्याची वेळ न देता सामन्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख घालून पहाटे 4 पर्यंत पोहोचण्याची वेळ द्यावी, म्हणजे त्या रात्रीचा अखेरचा मार्ग समोर येतो. रुळांची दुरुस्ती बहुधा रात्रीच होत असल्यामुळे शेवटच्या फेऱ्यांऐवजी बस सोडली जाण्याची शक्यता मोठी असते, म्हणून सामन्याच्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा खात्री करावी. व्हीलचेअर वापरणाऱ्या प्रेक्षकाने ही बदली बस चढण्यायोग्य आहे का, हे आधी विचारून मदतीची नोंद करून ठेवावी.

तिकिटांची घाई करू नये. प्रक्षेपणासाठी सामन्याचा दिवस किंवा वेळ बदलली जाते आणि परत न करता येणारे रेल्वे तिकीट हातात राहते. जर्मनीत अनेक क्लबांच्या सामन्याच्या तिकिटावरच त्या भागातील स्थानिक वाहतुकीचा प्रवास समाविष्ट असतो. अशी सोय असेल तर ती कोणत्या हद्दीपर्यंत आणि किती वाजेपर्यंत चालते ते तिकिटावर वाचावे, कारण लांब पल्ल्याच्या गाड्या सहसा तिच्यात नसतात. स्टेडियमभोवती मोबाइलचे नेटवर्क गर्दीने कोलमडते, तेव्हा तिकीट आणि वेळापत्रकाचे चित्र फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावे.

इतके करूनही हिशेब जुळत नसेल तर समर्थक संघटनेची बस हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे, कारण सामना लांबला तर ती थांबते. रेल्वे थांबत नाही. दुसरा मार्ग म्हणजे जवळचे स्थानक सोडून विरुद्ध दिशेच्या स्थानकापर्यंत चालत जाणे. अर्धा तास चालण्याची तयारी असेल तर रांग टळते, मात्र ती वाट उजेडाची आणि रहदारीची आहे ना, हे दिवसा पाहून ठेवावे. सामन्याच्या वेळांबद्दल आयोजकांकडे तक्रार करणेही निष्फळ नसते. प्रेक्षकांच्या प्रदीर्घ विरोधानंतर जर्मनीची अव्वल साखळी स्पर्धा असलेल्या बुंडेसलीगाने 2021-22 पासून सोमवारचे सामने बंद केले, आणि 2026 च्या चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्याची सुरुवात रात्री 9 ऐवजी संध्याकाळी 6 वाजता ठेवताना युएफाने प्रेक्षकांना सार्वजनिक वाहतूक मिळण्याचे कारण पुढे केले.

गाडी अगदीच लवकर असेल तर लवकर उठण्याची तयारी तिकीट घेतानाच करावी: स्थानकाच्या बाजूचे फाटक, रांगेच्या कडेची खुर्ची. किती वाजता उठायचे हे बरोबरच्या माणसांशी मध्यंतरातच ठरवून घ्यावे; 85 व्या मिनिटाला बरोबरी असताना आणि कॉर्नर मिळालेला असताना तो विषय काढला, तर कोणी मान वळवूनही पाहत नाही.