बिझनेस डिग्रीची रिक्वायरमेंट शीट कशी वाचायची
रिक्वायरमेंट शीट म्हणजे डिग्री मिळवायला कोणते विषय आणि किती क्रेडिट लागतात त्याची यादी. ती वाचताना आधी डिग्रीच्या नुसत्या नावावर भुलू नका, बीबीए असेल तर साधारण बिझनेसचेच विषय जास्त, बीए असेल तर बाहेरचे विषय घ्यायला जरा मोकळीक, पण प्रत्येक युनिव्हर्सिटीचं गणित वेगळं. क्रेडिट मोजताना पण सांभाळून, अमेरिकेत चार वर्षांचे साधारण १२० आणि युरोपात तीन वर्षांचे १८० ईसीटीएस (युरोपातली क्रेडिट मोजायची पद्धत), त्यामुळे आकडा मोठा म्हणजे अभ्यास जास्त असं काही नाही.

खरी मेख प्रीरिक्विझिटमध्ये असते, म्हणजे एखादा विषय घ्यायच्या आधी जे विषय पूर्ण करावे लागतात त्यात. फायनान्सच्या आधी अकाउंटिंग, स्टॅटिस्टिक्सच्या आधी गणित अशी साखळी असते (गणिताला घाबरून बिझनेस घेणाऱ्यांनो, सॉरी), आणि पहिल्याच सेमिस्टरला गणित टाळलं की पुढचं सगळं ढकललं जातं, वर काही कोर्स वर्षातून एकदाच होतात म्हणजे तो चुकला की बसा वाट बघत. म्हणून कागद घ्या, शेवटच्या वर्षाच्या विषयापासून उलटं मागे या, कशाच्या आधी काय लागतं ते बाण काढत. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे पण कोणी करत नाही.

अजून एक, काही ठिकाणी युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळाली म्हणजे बिझनेस स्कूलमध्ये पण मिळाली असं नसतं, आधी कोअर म्हणजे सक्तीच्या विषयांत ठराविक जीपीए (ग्रेडची सरासरी) आणायचा मग वेगळा अर्ज. हे फी भरायच्या आधीच विचारा.

मेजर (डिग्रीतला मुख्य विषय) नंतर ठरवलं तरी बऱ्याचदा चालतं, अकाउंटिंग सोडून, त्याचे विषय एकामागे एकच घ्यावे लागतात. आणि सहसा प्रवेश घेतला त्या वर्षीचेच नियम तुम्हाला लागू होतात, तेव्हा त्या शीटची पीडीएफ आजच सेव्ह करून ठेवा.