पदवीशिवाय कीटकांच्या कामात कसं शिरायचं

कीटकांवर काम करायला पदवी लागतेच का, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते: काम म्हणजे नेमकं काय करायचंय? विद्यापीठात शिकवायचं असेल, स्वतःच्या नावावर संशोधनाचं अनुदान आणायचं असेल किंवा न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष द्यायची असेल, तर वेळ न घालवता प्रवेश घ्या. तिथे दुसरा रस्ता जवळजवळ नाही. पण कीटक गोळा करणं, ओळखणं, टाचणं, पाळणं, मोजणं, त्यांच्याबद्दल छापण्याजोगी टिपणं लिहिणं आणि यातल्या बऱ्याच कामांचे पैसे मिळवणं, हे पदवीशिवाय जमतं. मी हिशेब लिहिण्याच्या नोकरीतून इकडे आले. जीवशास्त्राशी माझा संबंध शाळेनंतर सुटला होता.

दार उघडं आहे ते कुणाच्या मोठ्या मनामुळे नाही, काम उपसलं जात नाही म्हणून. नाव मिळालेल्या कीटकांच्या प्रजाती साधारण दहा लाख आहेत आणि एकूण प्रजाती पंचावन्न लाखांच्या आसपास असाव्यात असा एक अंदाज आहे. कित्येक गटांचे जाणकार अख्ख्या जगात बोटांवर मोजण्याइतके. संग्रहालयांच्या कपाटांत बाटल्याच्या बाटल्या पडून असतात, ज्यांतले कीटक कुणी वेगळेसुद्धा केलेले नाहीत. शिवाय प्राण्यांच्या नामकरणाचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांत नवी प्रजाती जाहीर करणाऱ्याची पदवी कुठेच विचारलेली नाही. वर्णन नीट छापलं आहे का, ज्या नमुन्यावर नाव ठरलं तो नेमका कोणता, तो कुठे ठेवला आहे, एवढंच ते बघतात.

आधीच्या लोकांची उदाहरणं द्यायची तर हेन्री वॉल्टर बेट्सपासून सुरुवात करावी. हा इंग्लंडमधल्या लेस्टरचा. तेराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि मोजे विणण्याच्या धंद्यात उमेदवारीला लागला. १८४३ मध्ये, अठराव्या वर्षी त्याचं पहिलं टिपण छापून आलं, विषय काय तर ओलसर जागी सापडणारे भुंगेरे. मला हा विषय फार आवडतो. जगाला हादरवणारं काही नाही, पण जे स्वतः पाहिलं ते नीट लिहिलेलं. पुढे १८४८ ते १८५९ अशी अकरा वर्षं तो ॲमेझॉनच्या खोऱ्यात राहिला आणि चौदा हजारांहून जास्त प्रजाती घेऊन आला. त्यातल्या आठेक हजार विज्ञानाला नव्या होत्या. निरुपद्रवी कीटक विषारी किंवा बेचव कीटकाचं रूप घेऊन जीव वाचवतो, हे १८६२ मध्ये त्याने मांडलं आणि आजही त्या प्रकाराला त्याचंच नाव आहे. पण पोटापाण्यासाठी त्याने १८६४ पासून केलं काय, तर एका भूगोल संस्थेचं सहायक सचिवपद. भुंगेरे फावल्या वेळात. हा भाग सहसा कुणी सांगत नाही.

पिसवांच्या अभ्यासात मिरियम रॉथस्चाइल्ड यांचं नावही नेहमी घेतलं जातं. शिक्षण बहुतेक घरीच, पदवी नाही, तरी १९८५ मध्ये रॉयल सोसायटीच्या फेलो झाल्या. खरंच थोर बाई. पण घर गडगंज बँकरांचं होतं आणि वडील स्वतः पिसवांचे जाणकार. नवख्याने त्यांच्याकडून धीर घ्यावा, हिशेब मात्र घेऊ नये.

आपल्यासारख्यांसाठी खरा नमुना कोस्टारिकात आहे. तिथे १९८९ पासून शेतकरी, गृहिणी, वनरक्षक अशा लोकांना सहा महिन्यांचं शिक्षण देऊन पगारी कामावर घेतलं गेलं: सुरवंट शोधायचे, कोणत्या झाडावर मिळाले ते लिहायचं, पिशवीत पाळायचे आणि बाहेर पडलेलं फुलपाखरू टाचायचं. स्किपर नावाच्या गटातल्या एका फुलपाखराला लोक सव्वादोनशे वर्षं एकच प्रजाती समजत होते, कारण मोठी झालेली फुलपाखरं जवळजवळ सारखी दिसतात. सुरवंटांचे रंग मात्र वेगळे होते आणि खाण्याची झाडंही वेगळी. हे या लोकांच्या नोंदींतून दिसत होतं. २००४ मध्ये डीएनएची जोड मिळाली, तेव्हा त्या एकाच नावाखाली दहा प्रजाती निघाल्या. डीएनए प्रयोगशाळेत वाचता येतो, पण सुरवंट कुठलं पान खात होता हे झाडापाशी उभं राहिलेल्या माणसालाच माहीत असतं.

आता तुमचं. सगळ्यात आधी एक लहान गट निवडा. ‘मला कीटक आवडतात’ म्हणणारे भरपूर असतात. ‘या एका कुळातल्या माश्या मी ओळखू शकते’ म्हणणारीला काम मिळतं. फुलपाखरं आणि चतुर शिकायला सोपे, पण तिथे आधीच गर्दी आहे. सोंडे, मावा, मुडद्यांवर येणाऱ्या माश्या, परजीवी गांधीलमाश्या, इकडे माणसं कमी पडतात. परजीवी गांधीलमाश्या मात्र पहिल्याच वर्षी नकोत. त्या भल्याभल्यांना रडवतात.

मी सिरफिड माश्या घेतल्या. फुलापुढे हवेत एका जागी स्थिर राहणारी, अंगावर पिवळे-काळे पट्टे असलेली जी ‘मधमाशी’ दिसते, ती पुष्कळदा हीच असते. बेट्सने सांगितलेल्या सोंगाचं हे घरबसल्या दिसणारं उदाहरण. पंख मोजा: मधमाशीला चार, हिला दोन, आणि मागच्या पंखांच्या जागी टोकाशी गोळी असलेले दोन बारीक दांडे. मग दहापट भिंगातून पंख उजेडाकडे धरून बघा. मधोमध एक लांबट रेघ दिसेल, शिरेसारखी, पण ती कुठल्याच शिरेला जाऊन मिळत नाही. ती खरी शीर नाहीच, पंखाच्या पापुद्र्यावरची जाडसर वळी आहे, आणि या कुळाची खूण म्हणून जवळजवळ सगळ्यांत सापडते. डोक्यावर दोन्ही डोळे एकमेकांना भिडलेले असतील तर बहुधा नर, मध्ये फट असेल तर मादी. इतक्या तीन-चार गोष्टी हाताला बसल्या की पुढची ओळखपुस्तिका, म्हणजे एकेक खूण विचारत नावापर्यंत नेणारं पुस्तक, उघडायची भीती जाते.

गटानंतर लेबल, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पदवी नसलेल्याची किंमत इथे ठरते. लेबल नसलेला सुंदर भुंगेरा म्हणजे शोभेची वस्तू. लेबल असलेला मोडका भुंगेरा म्हणजे पुरावा. देश, जागा, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, आणि कसा मिळाला: जाळीने, दिव्यावर, फुलावर, शेणात. महिना रोमन अंकांत लिहायची पद्धत आहे. दिवस आधी की महिना आधी, हा घोळ त्यामुळे होत नाही. लेबल त्याच दिवशी लिहायचं, बाटलीतल्या नमुन्याचं लेबल बाटलीच्या आत टाकायचं आणि पेन्सिलने किंवा अल्कोहोलमध्ये न विरघळणाऱ्या शाईने लिहायचं. साधं बॉलपेन एका रात्रीत निळं पाणी करून ठेवतं. पदवीधर मुलंमुली इथे आळस करतात. वर्षानुवर्षं खतावण्या लिहिलेल्या माणसाला हे अवघड जात नाही. तुम्ही गोदामात, दवाखान्याच्या नोंदणीत किंवा छापखान्यात काम केलं असेल तर ती शिस्त इथे थेट कामी येते.

टाचण्याची रीत गटागणिक बदलते. भुंगेऱ्याच्या उजव्या कडक पंखातून टाचणी घालतात. माशीला छातीवर मध्याच्या किंचित उजवीकडे, म्हणजे डावीकडचे केस शाबूत राहतात आणि ओळख त्या केसांवरच ठरते. फुलपाखराला मात्र छातीच्या मधोमध. अगदी लहान कीटक टाचत नाहीत, कागदाच्या त्रिकोणी टोकावर चिकटवतात. बाटलीत ठेवायचे तर अंगकाठी बघण्यासाठी सत्तर टक्के अल्कोहोल, डीएनएसाठी पंचाण्णव टक्के. संग्रहाचा शत्रू म्हणजे वाळलेलं मांस खाणारा एक बारका केसाळ भुंगेरा. पेटीच्या तळाशी भुकटी दिसली की पेटी पिशवीत बंद करून आठवडाभर उणे वीस अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवा. साधनं विकत घेताना घाई नको. चांगलं भिंग, जाळी आणि खऱ्या कीटकटाचण्या एवढ्यावर बराच काळ जातो. सूक्ष्मदर्शक घ्याल तेव्हा दोन्ही डोळ्यांनी बघायचा, दहा ते चाळीसपट मोठं दाखवणारा घ्या. हजारपट वाढवणारा शाळकरी सूक्ष्मदर्शक इथे कुचकामी आहे.

गोळा करण्याआधी परवानगी. संरक्षित क्षेत्र, संरक्षित प्रजाती, नमुने देशाबाहेर पाठवणं, या तिन्हींना प्रत्येक देशाचे कायदे आहेत आणि परवानगी नसलेला नमुना चांगलं नियतकालिक किंवा संग्रहालय हातात घेत नाही. ‘मला माहीत नव्हतं’ हे पदवीधराला एक वेळ माफ होतं, आपल्याला नाही.

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकायला आजच लागा. तारीख, जागा आणि फोटो असेल आणि ओळखीवर दोन-तृतीयांशांहून जास्त लोकांचं एकमत झालं, तर ती नोंद संशोधनाच्या दर्जाची ठरते आणि जगभरच्या जैवविविधतेच्या साठ्यात जाऊ शकते. पण स्वतःचे फोटो टाकण्यापेक्षा आपल्या गटातले दुसऱ्यांचे फोटो ओळखत बसा. नजर तिथे तयार होते, आणि त्या गटाचे तज्ज्ञही तिथेच भेटतात. फोटोवरून कळत नाही तिथे ‘कळत नाही’ असंच लिहायचं. बऱ्याच माश्यांत नराचं जननांग बघितल्याशिवाय प्रजाती सांगताच येत नाही.

तज्ज्ञांना मेल पाठवायला लोक उगाच घाबरतात. ‘मला कीटकांची खूप आवड आहे, मार्गदर्शन करावे’ या मेलला उत्तर येत नाही, कारण उत्तर द्यायला त्यात काही नसतं. त्याऐवजी चार ओळी लिहा: अमुक जागी, अमुक तारखेला, अमुक झाडाच्या फुलावर ही माशी मिळाली, ओळखपुस्तिकेत अमुक मुद्द्यापर्यंत पोचले, पायावरचे केस काळे की पिवळे यावर अडकले, सोबत तीन फोटो, नमुना टाचून ठेवला आहे, हवा असल्यास पाठवते. अशा मेलला मला जवळजवळ नेहमी उत्तर आलं आहे, कधी दोन महिन्यांनी का होईना. माझं पगाराचं पहिलं काम अशाच एका पत्रव्यवहारातून निघालं.

ते काम होतं मलेज सापळ्यांच्या बाटल्या निवडण्याचं. रने मलेज हा स्वीडिश कीटकशास्त्रज्ञ. आपल्या तंबूत शिरलेले कीटक वरच्या कोपऱ्याकडे चढतात हे बघून त्याने १९३० च्या दशकात तंबूसारखाच सापळा केला. आता त्याच्या वरच्या टोकाला अल्कोहोलची बाटली असते. ती बाटली पांढऱ्या ताटलीत ओतली की पंख, पाय, पतंगांचे खवले यांचा तपकिरी गाळ पसरतो. त्यातून चिमट्याने माश्या एकीकडे, गांधीलमाश्या दुसरीकडे, भुंगेरे तिसरीकडे करायचे. मान दुखते, वास डोक्यात बसतो. पण जाणकारांना हव्या त्या गोष्टी ज्याच्या हाताखालून जातात, त्याला सगळे ओळखायला लागतात. जर्मनीतल्या क्रेफेल्डची कीटक संस्था १९०५ पासूनची, बहुतांश हौशी लोकांची. त्यांनी वर्षानुवर्षं अशाच बाटल्या एकाच पद्धतीने भरून, तोलून जपून ठेवल्या. २०१७ मध्ये त्यावरून दिसलं की ६३ संरक्षित जागांत २७ वर्षांत उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन पाऊणपटीहून जास्त घटलं आहे. साऱ्या जगाने दखल घेतली ती त्या शिस्तशीर साठवणीमुळे.

पैशांची इतर ठिकाणं थोडक्यात: संग्रहालयात नमुने तयार करणारा मदतनीस, फुलपाखरू उद्यानात कीटक पाळणारा, पिकांवरच्या किडी मारणारे मित्रकीटक वाढवणाऱ्या प्रयोगशाळा, पिकांवरच्या किडींची पाहणी, डासांची मोजणी, प्रकल्पांआधीचं पर्यावरण सर्वेक्षण, कीडनियंत्रण. शेवटच्याला लोक नाकं मुरडतात, मला ते पटत नाही. झुरळं आणि वाळवी रोज बघणाऱ्याला त्यांच्या सवयी पुस्तकापेक्षा जास्त कळतात. अमेरिकेच्या कीटकशास्त्र संस्थेचं कीडनियंत्रकांसाठी एक प्रमाणपत्रही आहे, जे अनुभव आणि परीक्षेवर मिळतं, पदवीची अट नाही. पण नोकरी सोडून यात उडी घ्यायला मी सांगणार नाही. ही कामं हंगामी असतात, दोन प्रकल्पांच्या मध्ये रिकामे महिने येतात. माझे हिशेबाचे दोन ग्राहक मी अजून सोडलेले नाहीत.

काम घेताना दोन गोष्टी आधीच लेखी करून घ्या. एक, शोधनिबंधात तुमचं नाव कुठे येणार. एका प्रकल्पात नमुन्यांची ओळख मी केली आणि छापताना माझं नाव आभाराच्या यादीत, तेही चुकीच्या स्पेलिंगने. नुसतं निवडून दिलं असेल तर आभार ठीक आहेत. प्रजाती तुम्ही ओळखली असेल तर सहलेखक म्हणून नाव मागा, आणि काम सुरू व्हायच्या आधी मागा. दुसरं, दर बाटलीवर ठरवू नका, तासावर ठरवा. थंडीतली बाटली अर्ध्या दिवसात संपते. ऐन हंगामातली, मुंग्या आणि चिलटांनी गच्च भरलेली बाटली आठवडा खाते, आणि ठेकेदार नेमक्या त्याच बाटल्या बाहेर देतो.