‘झालं आहे’नं माझा घात केला

इंग्रजीतलं हॅव्ह, हॅज, हॅड आणि पुढे व्ही-थ्री, म्हणजे क्रियापदाचं तिसरं रूप, एवढं तुम्हाला येतं असं धरून चालतो. ते मलाही येत होतं. धुळ्याला देवपुरातल्या अभ्यासिकेत माझ्या टेबलासमोरच टेन्सचा तक्ता चिकटवलेला होता. तीन वर्षं तो बघत बसलो, आणि पुण्याला बँकेच्या मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला आपटलो.

विचारलं होतं एवढंच की ग्रॅज्युएशन कधी झालं. मी छाती काढून बोललो, “आय हॅव्ह कम्प्लीटेड माय ग्रॅज्युएशन इन 2016, सर.” मधल्या साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “सो, आर यू स्टिल इन 2016?” मला विनोदच कळला नाही. घाबरून पुढचं वाक्य टाकलं, “आय ॲम लिव्हिंग इन धुळे सिन्स थ्री इयर्स.” मग कोणीच हसलं नाही.

घरी आलो तर आई दारातच, “काय व्हयनं भो?” काय सांगणार तिला?

चूक कुठे होती ते समजायला मला दीड महिना लागला, म्हणून इथे जरा पाल्हाळ लावतो. मराठीत “माझं ग्रॅज्युएशन 2016 साली झालं आहे” हे कुणाच्याही कानाला खटकत नाही. “मामा काल सुरतेहून आले आहेत” हेही अगदी सरळ वाक्य. आपल्या ‘आहे’ला शेजारी ‘काल’ चालतो, ‘2016 साली’ चालतं, काहीही चालतं. इंग्रजीतल्या हॅव्ह-हॅजला नाही चालत. संपलेली वेळ वाक्यात आली, म्हणजे यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो, इन 2016, की सिंपल पास्ट, म्हणजे साधा भूतकाळ. मामा केम यस्टरडे. बस. ‘यस्टरडे’ काढून टाका, मग “मामा हॅज कम” बिनधास्त म्हणा.

आणि आमच्या क्लासात काय शिकवलं होतं? “शेवटी लाय-लीय-लंय किंवा आहे ऐकू आलं की डोळे झाकून हॅव्ह-हॅज.” डोळे झाकूनच गेलो मी. असल्या शॉर्टकटनं प्रीलिम, म्हणजे पूर्वपरीक्षा, निघते, तोंड उघडायची वेळ आली की पितळ उघडं पडतं. जो शिक्षक दहा वाक्यं स्वतः बोलून दाखवत नाही, नुसता नियम लिहून देतो, त्याची फी भरू नका. कटू वाटेल, पण माझे पैसे गेलेत.

मला सुधारलं ते अभ्यासिकेतल्या एका ताईंनी. दोनदा मेन्सला, म्हणजे मुख्य परीक्षेला, अडकलेल्या, कुणाच्या मेंटर-बिंटर नव्हत्या. त्यांनी वहीत एकच जोडी लिहून दिली:

नंदुरबार बिकेम अ डिस्ट्रिक्ट इन 1998.
नंदुरबार हॅज बीन अ डिस्ट्रिक्ट सिन्स 1998.

साल तेच, जिल्हा तोच. 1 जुलै 1998 ला धुळ्यापासून वेगळा झाला, ती घटना झाली नि संपली, म्हणून ‘बिकेम’ आणि ‘इन’. जिल्हा मात्र आजही आहे, धागा आजपर्यंत येतो, म्हणून ‘हॅज बीन’ आणि ‘सिन्स’. मी लिहायचो “हॅज बिकम इन 1998”, म्हणजे अर्धं या वाक्यातलं नि अर्धं त्या.

याच धाग्यावर ‘धिस मॉर्निंग’ बघा. सकाळी दहाला टपरीवर “आय हॅव्ह हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग” बरोबर. तेच दुपारी तीनला सांगायचं तर “आय हॅड टू कप्स”, कारण सकाळ संपली. चहा तेवढाच, घड्याळ पुढे गेलं म्हणून व्याकरण बदललं! मला हे फार आवडलं होतं, आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

पण सावध. नियम शिकल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. एका पेपरात “ही मस्ट हॅव्ह लेफ्ट यस्टरडे” आलं. हॅव्ह आणि यस्टरडे एकत्र दिसले की मी लगेच चूक म्हणून गोल केला. वाक्य बरोबर होतं. तिथे ‘मस्ट हॅव्ह’ म्हणजे अंदाज, ‘गेला असणार’. तसंच ‘हॅड’लाही यस्टरडेचं वावडं नाही: “बाय फाइव्ह यस्टरडे, द ट्रेन हॅड लेफ्ट.” आयबीपीएसला, म्हणजे बँक भरतीच्या परीक्षेला, चुकीच्या उत्तराचा पाव मार्क कापतात, हे मला वेगळं सांगायला नको.

आता ‘पासून’. आपल्याकडे एकच शब्द, त्यांच्याकडे दोन. सुरुवात सांगितली (सोमवार, 2019, दिवाळी) तर सिन्स. लांबी सांगितली (चार वर्षं, दोन तास) तर फॉर. आणि ‘राहतो’ ऐकून ‘लिव्हिंग’कडे धावू नका: “आय हॅव्ह लिव्ह्ड इन भुसावळ फॉर फोर इयर्स.” सिन्सनंतर अख्खं वाक्य आलं तर त्यात बहुधा साधा पास्ट: “सिन्स आय लेफ्ट धुळे.”

येट, ऑलरेडी, एव्हर, नेव्हर यांना घाबरू नका, ते वापरून आपोआप बसतात. फक्त ‘जस्ट’ला हॅव्ह आणि ‘जस्ट नाउ’ला साधा पास्ट, एवढं परीक्षेपुरतं धरा. अमेरिकन सिरीजमध्ये “आय जस्ट एट” ऐकू येईल. ते त्यांच्याकडे चालतं. पेपरात नको.

एका चुकीनं नोकरी जात नाही, हेही सांगतो. माझी त्या दिवशी गेली ती त्यानंतर गप्प बसल्यामुळे. पुढच्या वर्षी दुसऱ्या पॅनेलसमोर दोन-तीन ठिकाणी चुकलो, हसून दुरुस्त केलं, आणि आज भुसावळला शाखेत बसून हे लिहितोय. ताईंनी लावलेली सवय एकच होती: रोज रात्री पाच ओळी ‘यस्टरडे’च्या, पाच ‘टुडे’च्या, स्वतःच्या दिवसाबद्दल. कॉपी केलेल्या नाही. महिनाभर कंटाळा येईल, येऊ द्या.

माझं सगळं सुटलंय असं समजू नका. ‘पर्यंत’ला बाय आणि टिल असे दोन शब्द आहेत, तिथे मी अजून घसरतो. मागच्या आठवड्यात मॅनेजर मॅडमना मेल टाकला, “आय विल फिनिश द रिपोर्ट टिल फ्रायडे.” लिहायचं होतं “आय विल हॅव्ह फिनिश्ड इट बाय फ्रायडे.” मॅडम केबिनमधूनच ओरडल्या, “अहो, शुक्रवारपर्यंत संपवतच बसणार आहात का?”